जपलेला दोष

१४ सप्टेंबर, रविवार सकाळ

ताई,

नमस्कार. 'पत्रास कारण की' एवढं लिहून चहा करायला उठलो. कारण आहे, पण ते सरळ लिहायला हात वळत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं वाचून घे.

मी बरा आहे. तू कशी आहेस हे विचारत नाही. का, ते पुढे कळेल.

हाताने चार ओळींपेक्षा जास्त लिहून मला वीस वर्षं तरी झाली असतील. अक्षर तुला ठाऊकच आहे, कोंबडीचे पाय. खाडाखोडही बरीच झालीय. कॉम्प्युटरवर माणूस दहा वेळा चुकतो आणि समोरच्याला शेवटचं तेवढं नीटनेटकं दिसतं. कागद तशी मुभा देत नाही. तरी कागदच घेतला. पोस्टमन निदान 'आपली सेवा सुधारण्यासाठी' पाकीट फोडत नाही. हे मी कितव्यांदा ऐकवतोय, असं म्हणशील. म्हण.

ऑफिसात नवे साहेब आलेत. आमच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या फोनमध्ये मी केलेला एक प्रोग्राम असतो. कुठली लिफ्ट बंद पडली, कुठे जायचं, ते त्यात दिसतं. साहेबांना हवं होतं की कोण कुठे किती वेळ थांबला हेही त्यातून गुपचूप कळावं. मी म्हटलं, आधी त्यांना विचारा. ते म्हणाले, विचारलं तर नाही म्हणतील. मी म्हटलं, मग तेच त्यांचं उत्तर. साहेब 'तू फार ताणतोस' म्हणाले. काम मी केलं नाही. जिना उतरताना माझी मान ताठ होती. दुपारी डबा खाताना दोघातिघांना ही गोष्ट सांगितली, थोडी रंगवून.

ही ऑगस्टच्या सहा तारखेची गोष्ट. ती तारीख लक्षात ठेव.

तुझा गुरुवारचा फोन. तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या तिघींना माझा तो खाजगी लिहिण्याचा प्रोग्राम, 'कप्पा', हवाय, तू तुझ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घालून त्यांना देणार आहेस. त्यांना काय सांगितलंस तेही तू हसत हसत मला सांगितलंस. "माझ्या भावाने केलंय. लिहिलेलं कुठेही जात नाही. त्याच्या तोंडात तीळ टाकला तर वर्षभर भिजत पडेल." त्यातल्या एकीचा नवरा तिचा फोन रोज तपासतो, तिला लिहायला दुसरी जागा नाही, म्हणून तिला पहिल्यांदा देणार, असंही म्हणालीस.

मी म्हटलं, थांब, नवीन आवृत्ती देतो, जुनी नको. ते खोटं नव्हतं, आणि अर्धं खरं बोलून सुटलो याचीच जास्त लाज वाटली. ताई, तुझ्या कॉम्प्युटरवरचा कप्पा त्या बाईला देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस.

आता कारण.

कुठलाही प्रोग्राम अचानक बंद पडला की बंद पडता पडता एक चिठ्ठी लिहितो. मी काय करत होतो, कुठे अडखळलो, एवढंच त्यात असतं. ती चिठ्ठी बनवणाऱ्याला जाते, म्हणजे दोष शोधता येतो. कप्पा बनवताना मला जोडाक्षरं छळत होती. 'क्ष' पुसायला गेलं की आधीचा शब्दही जायचा. ते सापडेना म्हणून चिठ्ठीत पडद्यावरचा मजकूरही यावा अशी सोय मी केली, माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरपुरती. लोकांना दिलेल्या कप्प्यात ती नाही. कधीच नव्हती.

जानेवारीत तुझ्याकडे आलो तेव्हा भावोजी ताटं मांडून थांबले होते. "माझ्यात काय आहे लपवण्यासारखं?" म्हणून मला चिडवत होते आणि तू आतून म्हणालीस, "काही नाही, हेच." त्या हसण्याच्या गडबडीत मी खिशातल्या पेनड्राइव्हवरून तुझ्या कॉम्प्युटरवर कप्पा घातला. तो माझा चाचणीचा, चिठ्ठीत मजकूर पाठवणारा निघाला. इथपर्यंत चूक आहे. चुकीबद्दल एवढं मोठं पत्र लिहिलं नसतं.

फेब्रुवारीत पहिली चिठ्ठी आली. कप्प्यात एक दोष होता. बराच मजकूर एकदम निवडून पुसला की तो बंद पडायचा. म्हणजे तू काही लिहायचीस, वाचायचीस, नको वाटून सगळं पुसायचीस, आणि तेवढंच नेमकं माझ्याकडे यायचं. तू ठेवलेलं मी एक अक्षर वाचलेलं नाही. तू पुसलेलं वाचलं.

पहिली चिठ्ठी वाचली तेव्हा कुणाची आहे हे तिसऱ्या ओळीला कळलं. मी शेवटपर्यंत वाचली.

मार्चमध्ये मी तो लेख लिहिला होता, तू वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलास तो. एका कंपनीचा प्रोग्राम बंद पडताना लोकांचं लिखाण उचलत होता, त्यावर. त्यांना मी दाराला कान लावणारे म्हटलं. चारशे माणसांनी शाबासकी दिली. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही, निम्म्यांनी स्वतःच्या फोटोच्या जागी मांजर लावलंय. इंटरनेटवर राग फार स्वस्तात मिळतो आणि तो आपलाच असावा लागतो असंही नाही. लेख लिहिला तेव्हा तुझ्या दोन चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. ते परके, मी भाऊ. ते धंद्यासाठी वाचतात, मी काळजीपोटी. नंतर लक्षात आलं की 'काळजी' हा शब्द प्रत्येक कंपनीच्या पहिल्याच पानावर असतो.

एप्रिलमध्ये इंटरनेटवरच्या आमच्या चर्चागटातल्या एका दाढीवाल्याने तो दोष शोधून दिला. त्याला मी कधी भेटलेलो नाही, दाढी आहे हेही फोटोवरूनच. दोन ओळींचं काम होतं. मी ते त्याच दिवशी सगळ्यांसाठी करून टाकलं. तुझ्याकडे नाही. माझे प्रोग्राम आपोआप बदलत नाहीत, वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हे माझं तत्त्व तुला पाठ आहे. तुझ्याकडे नवा कप्पा मीच आणून घालणार होतो. आणला नाही. तेव्हापासून साऱ्या जगात एकाच कॉम्प्युटरवर तो दोष जिवंत होता, आणि तो मी जपला.

तू दोनतीनदा म्हणालीस, अधूनमधून बंद पडतं रे. मी म्हणायचो, बघतो. एकदा तर तू म्हणालीस की मीच काहीतरी भलतं दाबते वाटतं. त्यावर मी काही बोललो नाही. या सगळ्यात ते एक गप्प बसणं मला अजून गिळता येत नाही.

आता मे महिना.

तुझी वाक्यं इथे लिहिणार नाही. एक वार, एक वेळ, दुसऱ्या एका हॉस्पिटलाचं आणि तपासणीचं नाव, एवढंच होतं. स्वतःच्या हॉस्पिटलात नको, भावोजींना सांगायचं नाही. पुसलंस ते बहुतेक लिहूनसुद्धा ठेवायचं नव्हतं म्हणून. मंगळवारी साडेदहाला मी त्या दुसऱ्या हॉस्पिटलाच्या बाकावर जाऊन बसलो. तू आलीस, उभीच राहिलीस.

"तू इथे कसा?"

"प्रिंटर बघायला बोलावलंय."

"खटपट्या, तुला प्रिंटर बघता बघता देव दिसेल एक दिवस," म्हणालीस आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवून आत गेलीस. प्रिंटरचं पुढे काय झालं हे विचारलंही नाहीस. चाळीस मिनिटं मी ती पर्स धरून बसलो होतो. बाहेर आलीस, जरा वेळ शेजारी बसलीस, आणि म्हणालीस, "आई गेल्यापासून असं न सांगता कुणी आलं नव्हतं."

मी मान हलवली.

निकाल चांगला आला. पुढे तू सगळ्यांना सांगितलंस की याला कसं कळतं कोण जाणे. भाचीलाही सांगितलंस. ती आता माझ्याशी बोलताना अधूनमधून थांबते आणि म्हणते, मामा, तुला कळलंच असेल.

एप्रिलमध्ये दोष काढला असता तर त्या मंगळवारी तू एकटी बसली असतीस. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, आणि त्यात खोटं काही नाही. पण एकटं बसायचं हे तू ठरवलं होतंस. सांगायचं कुणाला, किती, कधी, हे तुझं होतं. मी तुझ्या मदतीला आलो हे खरं असेल, पण आधी तुझा निर्णय उचलून नेला आणि मग आलो.

जूनमधली चिठ्ठी माझ्याविषयी होती. माझ्याशी बोलणं म्हणजे खिडकीवरच्या कारकुनाशी बोलणं, सगळं घेतो, पावती देतो, आपलं काही देत नाही, असं काहीसं. चार दिवस ते डोक्यातून गेलं नाही. पाचव्या दिवशी तुला फोन करून सांगितलं की जिच्यासोबत सहा वर्षं राहिलो ती घर सोडून गेली, अगदी दिवाणखान्यातल्या खुर्च्या अजून तिच्याच मांडणीत आहेत इथपर्यंत. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "सुचलं बाई तुला एकदाचं."

सुचलं नव्हतं, ताई. मी वाचलं होतं. आयुष्यात एकदा मन मोकळं केलं, तेही कॉपी करून.

आता ऑगस्टची सहा तारीख. सकाळी तुझी दहावी चिठ्ठी आली. ती वाचून ऑफिसला गेलो आणि साहेबांना ते सगळं ऐकवलं, मान ताठ ठेवून. त्यानंतर तीन आठवडे काही आलं नाही. मला चैन पडेना. आधी वाटलं, तू आजारी आहेस का. मग नीट बघितलं तर ती काळजी नव्हतीच. उठल्याबरोबर लोक ज्या ओढीने फोन चाळतात ना, काय नवीन, कोण काय म्हणालं, ज्याला मी गेली दहा वर्षं नावं ठेवतोय, तीच ओढ होती. तू काहीतरी लिहावंस आणि ते तुला पुसावंसं वाटावं, याची मी वाट बघत होतो. अकरावी आली तेव्हा मला आनंद झाला. त्या चिठ्ठीत आनंद होण्यासारखं काही नव्हतं, हे तुला माहीत आहे.

तुझी ती लाल वही आठवते. छोट्या कुलपाची. मी नऊ वर्षांचा होतो, तू पंधराची. केसातल्या पिनेने कुलूप उघडलं, पुन्हा लावता आलं नाही, तशीच ठेवून दिली. आईने ती वाचली आणि जेवताना सगळ्यांसमोर त्यातलं एक वाक्य म्हणून दाखवलं. तू भांडली नाहीस. ताटावरून उठलीस आणि त्यानंतर तेहतीस वर्षं काही लिहिलं नाहीस. माझ्याशी एकोणीस दिवस बोलली नव्हतीस, मी भिंतीवर रेघा मारल्या होत्या. तेव्हा मी सांगितलं होतं की आत काय आहे ते बघायचं नव्हतं, कुलूप कसं चालतं तेवढंच बघायचं होतं. तेव्हा ते खरं होतं.

कप्पा मी त्या वहीसाठी केला. हे तुला कधी सांगितलं नाही. तू जानेवारीत पहिल्यांदा त्यात काहीतरी टाइप केलंस आणि मान वर करून म्हणालीस, "बघू नकोस." मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो होतो.

काल तुझ्यासाठीचा कप्पा दुरुस्त केला. घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं लागली. तो याच पाकिटात पेनड्राइव्हवर आहे, पण माझ्या शब्दावर घालू नकोस. तुमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर बघणारी जी मुलगी आहे तिला आतून तपासायला सांग, प्रोग्राम कसा लिहिलाय ते सगळं उघडं आहे, ती वाचू शकेल. त्या तिघींनाही तिच्या हातूनच दे. किंवा देऊ नकोस. अकरा चिठ्ठ्या मी नष्ट केल्या. परत पाठवणार होतो, मग वाटलं, तू ते पुसलं होतंस, पुसलेलं पुन्हा पुढ्यात टाकणारा मी कोण. नष्ट केल्या याला पुरावा नाही. माझं म्हणणं आहे एवढंच, आणि त्याची किंमत तू आता ठरव.

हे पत्र न लिहिताही भागलं असतं. नवा कप्पा घालून दिला असता, तुला कधी कळलं नसतं, आणि मी न सांगता येणारा भाऊ राहिलो असतो. शुक्रवार आणि शनिवार मी तेच करायचं ठरवलं होतं. मग त्या नवरा फोन तपासणाऱ्या बाईचा विचार आला. ती तुझ्या शब्दावर लिहायला बसणार, आणि तुझा शब्द म्हणजे मी.

तू पुन्हा लिहिणं थांबवशील याची मला भीती वाटते. माझ्याशी बोलणं थांबवलंस तर मी समजू शकतो. ते मात्र थांबवू नकोस. वही घे, पाटी घे, काहीही घे.

आणखी एक. या पत्रात मी पाच ठिकाणी खोडलंय. गिरवून काळं केलेलं नाही, एकेकच रेघ मारलीय. खाली काय होतं ते उजेडात धरलंस तर नीट लागतं. ते मला कुणाला सांगायचं नव्हतं. वाच.

यापुढे तू सांगितल्याशिवाय काहीही न कळणारा,

खटपट्या