भावाच्या नावाने रक्त देणारा

४ मार्च
भाऊ गेल्यावर भावजयीने केलेला दावा विमा कंपनीने फेटाळला. कारण काय, तर भावाने मधुमेह लपवला! जो माणूस पेपर वाचता वाचता, चारचौघांत सदरा वर करून पोटात इन्सुलिन टोचून घ्यायचा, तो लपवणार? पाहुणे ओशाळायचे, हा नाही.

भावजय म्हणते, "वन्सं, एजंटच्या समोरच टोचलं होतं हो. तो म्हणाला, काळजी नको, तपासणीबिपासणी लागत नाही." हे पैसे बुडाले तर राहतं घर विकावं लागेल. रडायला बसली. म्हटलं, रडणं नंतर. आधी पुरावा.

६ मार्च
एजंटकडे गेले. जावयांचा मित्र, त्यांनीच घरात आणलेला. केसांना तेल चोपडलेलं, जिभेला त्याहून जास्त. "काकू, दादा मला आजाराचं बोललेच नाहीत! आणि तपासणी तर स्वच्छ होती." मेलेल्या माणसावर ढकललं की उलट उत्तराची भीती नाही. टेबलावर 'उत्कृष्ट विक्रेता' म्हणून मिळालेली ढाल. अशा माणसाला ढाल लागतेच म्हणा.

पण तपासणी? कुठली तपासणी? भाऊ तर गेलाच नव्हता!

९ मार्च
जावई म्हणतात, "आई, गेलेला माणूस परत येणार आहे का? सोडून द्या ना." या पिढीला कणाच नाही. मुलगीही त्यांचीच री ओढते.

१३ मार्च
कंपनीच्या तपासणीवाल्या डॉक्टरांकडे गेले. जावई वर आलेच नाहीत, गाडीत बसून राहिले. आळस, दुसरं काय!

"आठवतो की," डॉक्टर हसले. "सुई पाहिली आणि धाडकन पडला गडी. बाकावर झोपवून पाणी पाजलं, तेव्हा कुठे रक्त घेता आलं."

माझा भाऊ? सुई पाहून?

"ओळखपत्र पाहिलंत?"

"एजंट बरोबर होता ना, बाई."

कशाला शिकतात हे लोक! चांगलं खडसावलं. बावीस तारखेला कंपनीच्या तक्रार मंडळासमोर आमची सुनावणी आहे, तिथे येऊन हे सगळं सांगायचं, असं कबूल करून घेतलं.

"तो माणूस समोर आला तर ओळखाल?"

"पाहताक्षणी."

१४ मार्च
भावजय आज पोटभर जेवली. एजंटचा फोन येऊन गेला — आवाजातलं तेल आटलेलं.

२० मार्च
नातवाला लस टोचायला नेलं. पोराने हूं की चूं केलं नाही. नर्सने सुई वर धरली आणि माझ्या मागे काहीतरी आदळलं. जावई! जमिनीवर आडवे, पांढरेफटक. मुलगी तोंडावर पाणी मारत म्हणाली, "यांचं नेहमीचंच आहे, आई. तुला सांगायची लाज वाटते त्यांना."

पाण्याचा ग्लास मीच भरून दिला.

२१ मार्च
उद्या सुनावणी. जावई म्हणाले, "आई, उद्या तुम्हाला टॅक्सी करून देऊ का? मला जरा बरं नाही."

म्हटलं, नाही. गाडी तुम्हीच चालवायची. वाटेत डॉक्टरांनाही घ्यायचं आहे.