कोरसीचं बटण कोण फिरवतंय?

माझी थोरली बहीण, आईच्या जागी असलेली मुनव्वर आबजी, हिला लालजीनहून धाकट्या इश्रतचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे बंदरला समुद्राची दमट हवा, धरत असतील. चालत राहा, सुनेच्या भरवशावर बसून राहू नकोस. भाऊजींचा खोकला गेला का? गेला नसेल. हुक्का सोडायचे नाहीत ते, मला माहीत आहे. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.) मुलाबाळांना माझे मुके. खुशाली विचारून झाली, आता कामाचं बोलते.

फोन का केला नाही म्हणशील. तर माझी सून नसतरन मला नंबर लावून देते आणि मग तिथंच उभी राहून कपड्यांच्या घड्या घालते. एका टॉवेलाची घडी घालायला माणसाला किती वेळ लागावा? म्हणून हे पत्र. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी असली तरी माझी आहेत. रहमतची मडकी घेऊन जो ट्रकवाला बंदरला येतो त्याच्या हाती देतेय. पाकीट डिंकानं चिकटवलेलं नाही, काळ्या दोऱ्यानं शिवलंय. दोरा दुसऱ्या रंगाचा दिसला तर समज की वाटेत कुणीतरी उघडून परत शिवलंय.

तुला ठाऊकच आहे, ऑपरेशन झालं, छातीची डावी बाजू गेली. मग ती सुयांची औषधं झाली. केस गेले, परत आले. (कुरळे आले. आपल्या सात पिढ्यांत कुणाचे कुरळे आहेत? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.) आता राहिली रोजची एक गोळी, ती पाच वर्षं घ्यायची, म्हणजे तो आजार परत फिरकणार नाही, असं हमदानच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. तर आबजी, ती गोळी मी बंद करणार आहे. करणार म्हणजे काय, केलीच आहे. गेले काही दिवस नसतरन समोर उभी राहते, मी गोळी जिभेखाली धरते, पाणी पिते, 'गेली' म्हणते आणि ती वळली की खिडकीतल्या शमदानीच्या कुंडीत पुरते. आणि काय सांगू, भर थंडीत त्या शमदानीला लालभडक फुलं आली! बाहेर चिनारावर पान नाही आणि हिला फुलं. म्हणजे गोळीत उष्णता आहे की नाही? झाडाला कळतं, डॉक्टरांना कळत नाही.

तू फक्त एवढं कर, रहमतला दोन ओळी लिही की इश्रतला गोळी सोसत नाही, सोडू दे तिला. तुझं तो ऐकेल. तुला तो आमच्या लग्नापासून घाबरतो.

आता तुला वाटेल, एवढं काय झालं? सांगते. बसल्या जागी, काही कारण नसताना, पोटातून कुणीतरी तंदूर पेटवतं. धग छातीतून मानेवर, मानेवरून कानात. तोंड बीटासारखं होतं, घाम मणक्यावरून ओघळतो, कपाळावरचा डोळ्यांत जातो. डोक्यावरचा रुमाल काढून मी तबकानं वारा घेते. थोड्या वेळात सगळं विझतं आणि ओल्या कपड्यांत दात वाजायला लागतात. मग शाल ओढायची. शाल ओढली की पुन्हा तंदूर. दिवसभर माझा हाच उद्योग, काढ आणि घाल.

परवा शेजारी इमामांच्या शोकाची रौझा होती. बायका गोल बसलेल्या, वाचणाऱ्या बाई करबलाची तहान सांगत होत्या आणि नेमकी मला धग आली. मी चादर फेकली, उठले आणि खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. तोंडावर पाणीच पाणी. बायकांना वाटलं, इश्रतला शोक आवरेना. झालं, एकीनं हंबरडा फोडला, मग सगळ्यांनीच. वाचणाऱ्या बाईंना इतका हुरूप आला की त्यांनी संपत आलेली रौझा पुन्हा पहिल्यापासून लावली. निघताना म्हाताऱ्या बायका माझे हात डोळ्यांना लावून म्हणतात, 'आमच्यासाठी दुवा माग, इश्रत खानुम.' मी काय सांगणार त्यांना?

आधी मला वाटलं, खाण्यातून होतंय. नसतरन पडली तुइसरकानची, माहेरी अक्रोडाच्या बागा. हिच्या हातचं काहीही खा, अक्रोड निघतो. फेसंजानच्या रश्श्यात अक्रोड, कोशिंबिरीत अक्रोड, खजुराच्या पोटात अक्रोड. अक्रोड उष्ण, खजूर उष्ण, वर दालचिनी, तीही उष्ण. सासूला जाळायचंच असेल तर याहून वेगळं काय करतात? मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, 'मामान, तुम्हाला ताकद यावी म्हणून घालते.' पाहिलंस? उत्तर तयार ठेवलेलं होतं. मग मी नुसतं थंड खायला लागले. दही, काकडी, पुन्हा दही, सिकंजबीनचं सरबत. दोन दिवसांत पोटात अशी थंडी बसली की वाकूनच चालायला लागले. त्यावर उपाय काय? खडीसाखरेचा चहा. तो उष्ण! प्यायले आणि परत तंदूर.

डॉक्टरीणबाईंना का सांगत नाहीस, असं तू विचारणार. अगं, त्या विचारतात ना, 'इश्रत खानुम, गोळीचा काही त्रास?' मी म्हणते, 'तुमच्या सावलीत काही नाही, तुमचे हात दुखू नयेत.' आता एवढी शिकलेली बाई, मान खाली घालून औषध लिहून देते, तिच्या तोंडावर 'तुमच्या औषधानं मी भाजून निघतेय' म्हणायचं? जेवून उठल्यावर यजमानणीला मीठ जास्त पडलं म्हणून सांगतं का कुणी? आणि ती बाई लगेच खाली लिहून टाकते, त्रास नाही! आपल्यात चहा घेता का हेसुद्धा तीनदा विचारतात, तेव्हा माणूस हो म्हणतो. हिनं एकदा विचारलं आणि मिटवलं. इतकं शिकून हे कळू नये?

पण आबजी, खरा संशय वेगळाच आहे. गोळी कुंडीत गेली, अक्रोड बंद झाले, तरी धग येतेच. मग घरात आग आहे कुठे? कोरसीखाली! आपल्या आईची होती तशीच ठेंगणी चौकी, वर तीच मोठी रजई, आत पाय घालून सगळे बसतात. फक्त आता निखाऱ्याऐवजी विजेची शेगडी आहे, तिला बटण आहे. ते बटण कुणीतरी माझ्या पाठीमागे फिरवतंय. मी ओरडते, 'कमी करा!' माझा लेक बहमन लगेच रजईत हात घालतो, म्हणतो, 'केलं, मामान.' थोड्या वेळानं परत धग. म्हणजे कुणीतरी अंगठ्यानं वाढवलं. नसतरनचे पाय लांब आहेत.

आणि ही एकटी नाही, तिघं सामील आहेत. मी स्वयंपाकघरात गेले की कुजबुजतात, आले की गप्प. नसतरन घरातसुद्धा अंगातला कोट काढत नाही, म्हणजे कोणत्याही क्षणी माहेरी निघायच्या तयारीत. नाक लाल, डोळे ओले, म्हणजे नवऱ्यापाशी माझी रडगाणी चालू. तिघंही चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसतात, माझ्याकडे न बघता. चोर असेच बसतात.

सगळ्यात जास्त संशय रहमतचा. उभा जन्म भट्टीपुढे मडकी भाजण्यात गेला त्याचा, कपड्यांची कधी हौस नव्हती. आता नवी लोकरीची बंडी घेतली, वर आणखी एक. मेंढीच्या कातड्याची टोपी घेतली आणि ती घरात घालून बसतो! मी स्पष्ट विचारलं, 'केसांना कलप लावलायस का? टोपी काढ.' म्हणाला, 'राहू दे गं.' मी म्हटलं, 'बाई कोण आहे?' म्हणाला, 'कसली बाई?' म्हटलं, 'या वयात माणूस नवे कपडे घेतो तो कुणासाठी?' तर शिंकला. उत्तर द्यायच्या ऐवजी शिंकला! आबजी, एका बाजूची बायको, घामानं भिजलेली, कुरळ्या केसांची. दुसरी बघत असला तर दोष तरी कसा देऊ? पण नाव कळलं पाहिजे. नाव कळलं की मी बघून घेते.

थांब, बाहेरच्या खोलीत तिघं कोरसीपाशी जमलेत. आत्ताच मला धग आलीय. याच वेळी बटण धरलेला पाय पकडता येईल. लेखणी ठेवते.

पुन्हा लिहायला बसलेय. शाईचा डाग पडलाय तो माझ्याच हातून.

गेले ते सरळ गेले. कुणाला काही कळायच्या आत रजई उचलली आणि कंबरेपर्यंत आत शिरले. वाटलं, आता भट्टीच्या तोंडाशी जाते. आत अंधार आणि गारठा. अगं, तळघरातल्या रांजणापाशी असतो तसा गारठा. शेगडी चाचपली, लोखंड हाताला बोचलं इतकं थंड. वायर भिंतीपर्यंत गेलेलीच नाही, गुंडाळून ठेवलीय, आणि रहमत मडकी ज्या सुतळीनं बांधतो त्याच सुतळीनं, त्याच्याच गाठीनं बांधलीय. वायरीवर कोळ्यानं जाळं केलंय. हे जाळं काही कालचं नाही, थंडी सुरू झाली तेव्हापासूनचं असणार. आणि समोर सहा पाय. नसतरनच्या पायांत मोज्यांवर मोजे, वरचे बहमनचे. बहमनच्या पायांत बूट! माझ्या घरात, आईच्या रजईखाली बूट! आणि रहमतचे पाय त्या जुन्या कांबळ्यात गुंडाळलेले, तरी थरथरत होते. सगळी हयात आगीपुढे काढलेला माणूस, आबजी. त्याला थंडी म्हणजे विष. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात तो कोरसीखालून जेवायलासुद्धा बाहेर यायचा नाही, तू किती हसली होतीस, आठवतंय?

मी आतच राहिले. मग रहमतचा आवाज आला, अगदी साधा. 'इश्रत, फार गरम होतंय का गं आत?'

मी बाहेर आले. तिघांचे चेहरे बघितले. नसतरनचं नाक लाल, बहमनचे ओठ निळे, रहमतची टोपी कानांवर. तोंडातून जे रोज निघतं तेच निघालं. 'कोण वाढवतंय हे? कमी करा!' बहमननं रजईत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, म्हणाला, 'केलं, मामान.' आणि रहमतनं, ऐक, रहमतनं टोपी जरा मागे सारून कोरडं कपाळ पुसलं आणि म्हणाला, 'हुश्श. आता बरं वाटलं.'

म्हणजे मी कोरसी सोडून एकटी आतल्या खोलीत जाऊन बसू नये, यासाठी हे सगळं. बरं, मग नुसतं सांगायचं ना तोंडानं! पण नाही. आपल्या घरात कुणी कुणाला सरळ काही सांगितलंय का कधी?

मी नसतरनला म्हटलं, 'गोळी आण.' ती आणून समोर उभी राहिली. मी गिळली. तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून. तिनं काही विचारलं नव्हतं. ती वळली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. पाठ माझ्याकडे होती, पण नाक ओढलेलं ऐकू आलं. सर्दीच असेल.

घरच्या सगळ्यांचे तुला सलाम. तुझी सावली आमच्यावर राहो.

तुझी,
इश्रत

ता. क. वर गोळीबद्दल रहमतला दोन ओळी लिही म्हटलंय, त्या लिहू नकोस. खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडापुढे धरून वाचतेसच. फुलांचंही काही खरं नाही. आज बघितलं, कुंडीवर गल्लीच्या बाजूनं दुपारभर ऊन येतं.

ता. क. आणखी एक. ट्रक अजून आला नाही, म्हणून हे चार दिवसांनी लिहितेय. तिकडच्या बायका घालतात तसे पातळ सुती दोन झगे पाठव, बाह्या सैल. त्यांना उन्हात कसं राहायचं ते कळतं. आणि इथं कुणाजवळ बोलू नकोस की मला शेगडीचं कळलंय. त्यांना वाटू दे. मी रोज ओरडतेच आहे, बहमन रोज हात घालतोच आहे. मात्र पहाटे नमाजाला उठते तेव्हा मी वायर लावते, ते उठेपर्यंत कोरसी तापवते आणि परत तशीच गुंडाळून ठेवते. रहमतची ती गाठ मला अजून नीट जमत नाही. काल तो ती गाठ निरखत होता. त्याला संशय आलाय.

ता. क. खरं काम राहिलंच. यल्दाला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीला, ये. कलिंगड आम्ही आणतो, तू फक्त जाड मोजे आण, तुझ्यासाठी आणि वर तीन जोड. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर हमदानला डॉक्टरीणबाईंकडे चल. त्या विचारतील, काही त्रास? मी म्हणणार, तुमच्या सावलीत काही नाही. मला दुसरं काही म्हणता येत नाही, मी करून बघितलंय, आरशापुढे. तेव्हा तू बोल. धग सांग, रौझा सांग, कुंडीतल्या गोळ्यासुद्धा सांग. विचार की गोळी चालू ठेवून ही धग कमी करायला काही देता येतं का. तू तोंडावर बोलतेस, तुला लाज नाही, आई नेहमी म्हणायची. तू नाही आलीस तर मी परत 'काही नाही' म्हणून येईन, आणि हा माणूस पाच हिवाळे गारठत बसेल.