पेणचा तो मुलगा

सर,

आज सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. कारखान्यात अजून कुणी आलेलं नाही. समोर दीड फुटी गणपतींची रांग आहे, रंग कालवून ठेवलाय, आणि डोळे आखायला बसलो तर लक्ष सारखं फोनकडे जातंय, म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, तेव्हा पत्ता शोधायचा प्रश्न नाही. पण काम अडलंय ते तुमच्यामुळे, म्हणून तुम्हालाच सांगणं भाग आहे.

मी नववीत असताना तुम्ही मुंबईहून आमच्या पेणच्या शाळेत नाट्यशिबिर घ्यायला आला होतात. पहिल्याच सकाळी म्हणालात, "जोड्या करा. एक जण माती, दुसरा मूर्तिकार. हवी ती मूर्ती घडवा." आणि वळून बघता तर सभागृहभर गणपतीच गणपती. कुणाचा हात आशीर्वादाचा, कुणाच्या तळहातावर नसलेला मोदक. तुम्ही कपाळाला हात लावलात. "अरे, जगात दुसरं काही नाही का?" मागून कुणीतरी म्हणालं, "हाय ना सर, पण ऑर्डर याचीच असते." त्यात सगळ्या मूर्तींचे डोळे मिटलेले. तुम्ही "डोळे उघडा!" म्हणून ओरडताय आणि एकही मूर्ती हलत नाही. मीही एक मूर्ती होतो. शेवटी मिटल्या डोळ्यांनीच मी म्हटलं, "सर, डोळे शेवटी असतात. कुणी आखल्याशिवाय कसे उघडतील?" तुमची पावलं जवळ आली. मग तुमचं कोरडं बोट माझ्या पापणीवरून फिरलं, लवंगेचा वास आला, आणि मी डोळे उघडले. समोर सगळी पोरं बघत होती, तरी मला भीती वाटली नाही. ज्याला वर्गात हजेरी देताना घाम फुटायचा, तो मी शेवटच्या दिवशीच्या नाटकात राजा झालो आणि एक शब्द अडखळलो नाही.

तुम्ही म्हणालात, "मुंबईला ये. माझ्याकडे राहा." पुढच्याच वर्षी शाळा सुटली आणि मी कारखान्यात बसलो. तुमचं पत्र आलं की मी उलट लिहायचो, गणपती झाले की येतो. पेणमध्ये गणपती कधी होत नाहीत, सर. विसर्जनाचे पाय वाळतात न वाळतात तोच पुढच्या वर्षीचे साचे भरायला घेतात. हे तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी लिहायचात, "वाट बघतो."

आता गेल्या आठवड्याचं ऐका. रोह्याच्या एका शाळेत तुमच्याच हाताखाली तयार झालेल्या एक ताई शिबिर घेत होत्या. मुकुट आणि मुखवटे रंगवायला मला पेणहून बोलावलं होतं. ताईंनी मुलांना मूर्ती व्हायला सांगितलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "हा खेळ आमच्या सरांना पेणच्या एका मुलाने शिकवला. तो मुलगा आज मुंबईत मोठा नट आहे. सर नेहमी सांगायचे." माझ्या ब्रशातला सोनेरी रंग टपकन फरशीवर. सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं? गावोगाव मला परस्पर नट करून टाकलंत! कुठलं नाटक, कुठलं पात्र, एवढं तरी ठरवायचंत. तुमची सवयच ती. संहितेचा पत्ता नाही आणि प्रयोग सुरू. मी म्हटलं, चहाच्या सुट्टीत ताईंना खरं सांगून टाकायचं.

सुट्टीत शिबिरातल्या, जवळच्या वरसे गावच्या एका मुलीचे वडील फाटकाशी आले. शेवटच्या दिवसाच्या नाटकात तीच मुख्य होती. ते कंपनीतून पहिली शिफ्ट करून आलेले, डोळे लाल. "चल गो घरी. नाटकं करून पोट भरणार हाय काय?" ती खांबाला धरून उभी. "पेणचा पोरगा झालाच ना नट? ताईंनी सांगितलंय!" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू पेणचा ना रे? वळखतोस काय त्याला?" ताई आत होत्या. मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचा निकाल वाचणार आहे.

"व्हय," मी म्हटलं.

"कमावतो?"

"भागतं त्याचं."

"घरच्यांना बघतो?"

"आईला बघतो." एवढं तरी सगळं खरंच होतं.

त्यांनी बराच वेळ मान खाजवली. "बरं. पण उद्या मी सोताच येणार बघायला. पाठ नसलं तर सगळ्यांसमोर उठवून नेईन." आणि खरंच आले. पहिल्या रांगेत बसले, अर्धा वेळ पेंगले, पण ती बोलायला लागली की दर वेळी जागे झाले. उठवून नेलं नाही.

ताईंना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोष्ट त्या मुलीच्या वडिलांपर्यंत पोचायला किती वेळ लागला असता? म्हणजे आता तुमची थाप मलाच सांभाळायची. तुम्ही निघून गेलात आणि पात्र माझ्या गळ्यात. मला राग येतो, सर. एकदा तरी लिहायचंत, की येत नाहीस तर नको येऊस.

निघताना ती मुलगी वही घेऊन धावत आली. "दादा, त्या नटाचा नंबर द्या ना. मला विचारायचंय, पयल्यांदा स्टेजवर गेला तेव्हा घाबरला होता काय ते." मी दिला. माझाच दिला.

तेव्हापासून फोन वाजला की, तिचाच असेल म्हणून, मी आधी घसा साफ करतो, पाठ ताठ करतो आणि मग उचलतो. काल कारखान्याच्या मालकांचा होता. माझा "हॅलो" ऐकून म्हणाले, "कोण बोलतंय?"