नथीचा पहिला मान

मी, छबूताई आकाराम इंगवले, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवते. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणायची या घरात कुणाची हिंमत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी सांगते आहे आणि आमच्या गल्लीतला वकील सम्राट लिहितो आहे. "काकी, रागात हाईसा, चार दिस जाऊ द्या, मग करू," असं तो म्हणाला. राग आला म्हणून अक्कल जात नाही, असं मी त्याला सांगितलं आणि तेही लिहायला लावलं.

गेल्या वर्षी केलेलं मृत्युपत्र या मृत्युपत्राने रद्द समजावं. ते का रद्द केलं, हे कलम सहामध्ये येईल. मधली कलमं वगळून कुणी थेट तिथे जाऊ नये.

कलम १. माझे यजमान आकाराम इंगवले हयात नाहीत. मला पोटचं मूल नाही. कृष्णात हा यजमानांच्या पहिल्या पत्नीचा, म्हणजे अनुसयेचा मुलगा. ती गेल्यावर वर्षाच्या आत मी या घरात आले, तेव्हा तो रांगत होता. सम्राटने त्याच्या नावापुढे 'सावत्र मुलगा' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आहे. त्याला गोवर आला तेव्हा त्याच्या उशाशी मी बसले होते. कृष्णातची मुलगी मोना ही माझी एकुलती एक नात. पुण्यात कंपनीत नोकरीला आहे आणि पुढच्या पंधरवड्यात तिचं लग्न आहे.

कलम २. बावड्यातलं राहतं घर माझ्या नावावर आहे, ते कृष्णातला द्यावं. परड्यातला गोठा पाडून गाडी लावायला जागा करायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. माझ्या माघारी खुशाल करावी. पतसंस्थेतल्या ठेवीही त्याच्याच. शिलाई मशीन मी बांगडीवाल्या नजीराला आधीच देऊन टाकलं आहे. ती आज साक्षीला बसली आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न दिलेलं बरं, असं सम्राटचं मत पडलं.

कलम ३. माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक सोन्याचा टाक आहे. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. हा अनुसयेचा टाक. दुजवराशी लग्न केलेल्या बाईने मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. ती रुसू नये, नव्या बाईच्या वाटेला जाऊ नये, म्हणून. माझ्या लग्नात अंगावर हळद होती, डोक्याला मुंडावळ्या होत्या, आणि मंगळसूत्राच्या आधी हा टाक गळ्यात पडला. साजही तिचाच घातला. जोडवीसुद्धा तिची. ती मला सैल होत होती, तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, दोरा गुंडाळून बसवली. बाईचा पाय चांगला भरलेला असणार.

तिथून पुढे घरात नवं काही आलं की आत्याबाईंचा हुकूम ठरलेला. "आदी थोरलीला दाव गं, मग तू नेस. पयला मान तिचा." मग दिवाळीचं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. बांगड्या आधी तिला, मग मला. संक्रांतीचा तिळगूळही आधी तिला. म्हणजे नेसलेलं लुगडं नेसायचं आणि खाल्लेलं खायचं, असा माझा संसार झाला. माझं अंग जळायचं. अजूनही जळतं, हे मी शपथेवर सांगते.

तिचा एकही फोटो घरात नाही. फोटो असता तर एखादं वाकडं नाक, एखादा पुढे आलेला दात तरी सापडला असता. फोटो नाही म्हणून ती सदा तरणी, सदा देखणी. यजमानांना मी एकदा विचारलं होतं, कशी होती दिसायला? ते म्हणाले, "बरी होती." पण म्हणायच्या आधी जरा थांबले. ते थांबणं मी विसरलेले नाही.

यजमान गेले तेव्हा माझं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं. टाकाला मात्र कुणी हात लावला नाही. नवरा गेला, सवत राहिली.

कलम ४. कोल्हापुरी साज, तन्मणी आणि बुगड्या हे दागिने मोनाला द्यावेत. ते अनुसयेचे आहेत. माझे म्हणून सांगण्यासारखे ते कधी नव्हतेच, त्यामुळे ते देताना मला काही वाटत नाही.

कलम ५. नथ. हिच्याबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे. माझ्या माहेराहून, वडणग्याहून, एक म्हैस आली होती. या घरात तेवढं एकच जनावर माझ्या बाजूचं होतं. तिचं दूध मी गंगावेशीला कट्ट्यावर घालत असे. तिथे गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, पाणी घालायची सोय नाही. त्यातून साठवून मी गुजरीत, सोनारांच्या पेठेत, नथ घडवली. बसऱ्याचे मोती, मधे लाल खडा, टोचलेल्या नाकाची, सळीची. घरी आणली आणि टाकाला दाखवली नाही. आत्याबाई होत्या तेव्हाही नाही आणि त्या गेल्यावरही नाही. तांदळाच्या डब्यात ठेवली. घालावी तर सगळ्यांच्या डोळ्यांत येणार, आणि आली की आधी थोरलीला दाव म्हणणार. नथ काही लपून घालता येत नाही. म्हणून मी ती एकदाही घातली नाही. पुढे यजमान गेले आणि घालायचा प्रश्नच मिटला.

पण अनुसयेने आधी न घेतलेली अशी या घरात एकच वस्तू होती, ती ही नथ. ती मी मोनासाठी ठेवली होती. मोनाचं नाक टोचलेलं नाही. कान टोचले तेव्हाच नाकही टोचा, असं मी म्हणाले होते. सूनबाई म्हणाल्या, शाळेत पोरं हसतील. तरी मी आशा सोडली नव्हती. लग्नाच्या दिवशी लोक नवरीच्या तोंडाकडे बघतात, आणि तोंडावर माझी नथ असणार होती. मला एवढंच पाहिजे होतं.

कलम ६. गेल्या आठवड्यात राजारामपुरीत पूर्णिमाच्या पार्लरमध्ये मोनाला नटवून बघायचं ठरलं. ही पूर्णिमा नवऱ्या सजवते आणि वरचे दागिने भाड्याने देते. साड्या दोन, हळदीची पिवळी आणि लग्नाची हिरवी. दागिने तिने मखमलीवर मांडले आणि एकेक मोनाच्या अंगाला लावून बघू लागली. मुंडावळ्या मोत्यांच्या घ्यायच्या की जरीच्या, कंबरपट्टा साडीवर बसतो की नाही, चुड्यात हिरव्याबरोबर लाखेच्या घालायच्या का, खोप्याला अबोली की मोगरा. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मलाही विचारत होत्या, मीही सांगत होते.

मग पूर्णिमाने आम्ही घरून नेलेला साज उचलला. "ह्यो काय आमच्याकडचा न्हाय. जुना माल दिसतोय!"

मोना म्हणाली, "आज्जीचा हाय. म्हंजे माझ्या खऱ्या आज्जीचा."

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला कळतं. पण कळल्याने लागायचं थांबत नाही. तिची शी-शू मी काढली. तिला मऊ भात मी भरवला. जिने तिला पाहिलंही नाही ती खरी, तर मी कोण? मनात म्हटलं, साज तिचा घाल, नथ तर माझीच आहे. पिशवीतली डबी काढून मी नथ तिच्या हातात दिली.

मोनाने नथ घेतली, खुर्चीवरून उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांनी उचलून नथ त्याला लावली. "पयला मान थोरल्या आज्जीचा, न्हवं?" असं म्हणून हसली. पूर्णिमा म्हणाली, "किती गुणाची पोरगी बघा!"

इतकी वर्षं तांदळात पुरून ठेवलेली नथ. माझ्याच गळ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत अनुसयेने आधी घेतली. मी उठले, रिक्षा केली आणि घरी आले. मोना मागून हाका मारत होती. मी वळून बघितलं नाही. पिशवी तिथेच राहिली, नथही तिथेच राहिली.

कलम ७. सबब, सदर नथ मोनाला देऊ नये. ती पूर्णिमाला द्यावी. तिने ती भाड्याने लावावी. कुणाकुणाच्या नाकात जाईल, जाऊ दे. त्यातली एकही अनुसयेची कुणी लागणार नाही, एवढं मला पुरे.

कलम ८. मला अग्नी देण्याआधी टाक गळ्यातून काढावा. ती एकदा जळली आहे, दुसऱ्यांदा माझ्यासोबत नको. टाक कृष्णातने देव्हाऱ्यात ठेवावा, त्याची आई आहे ती. माझी रक्षा पंचगंगेत सोडू नये. तिथे अनुसयेची सोडली, यजमानांची सोडली. दोघं बरीच वर्षं एकत्र आहेत. मी तिसरी कशाला जाऊ? माझी रक्षा शिरोळकडे कृष्णेत सोडावी. यावर सम्राटने हळूच सांगितलं की पंचगंगा पुढे वाडीला कृष्णेलाच मिळते. तर मग वाडीच्या खाली कुठेतरी सोडावी आणि मला विचारू नये. मला जायची घाई नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

वरील आठ कलमं मला वाचून दाखवली. मी सहीसाठी पेन हातात घेतलं, तेवढ्यात मोना आली. पुढचं लिहायचं थांबवायला सम्राट तयार होता, पण हेही घडलं तसं लिही, असं मी त्याला सांगितलं. त्याने "कागद फाडून नवा घेऊ काय?" असं विचारलं, त्यालाही नको म्हटलं. राग खरा होता, तो राहू दे कागदावर.

मोनाचं नाक लाल होऊन टम्म सुजलं होतं. त्यात सोन्याची तार होती आणि तारेभोवती पू धरला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. नजीराने आपल्या बांगड्यांच्या दुकानात बावड्यातल्या निम्म्या नवऱ्यांचे चुडे भरले आहेत, पण असलं नाक घेऊन कुणी नवरी बोहल्यावर जायला निघालेली तिनेही पाहिली नसेल. तिने कपाळाला हात लावला.

"ह्ये काय करून बसलीस?" मी म्हणाले.

"टोचून आलो. पूर्णिमाताई म्हणत होती, सळ कापून चाप बसवू, म्हंजे न टोचता घालता येतीया. मी कापू दिली न्हाय."

"अगं पण लग्न तोंडावर आलंय! कापली असती तर काय झालं असतं?"

"तुझी नथ हाय ती. कापून कशी चालंल?"

मग विचारायचं ते विचारलं. माझी होती, तर आधी तिला का लावलीस?

"पप्पा सांगत्यात की. आज्जी थोरलीला दावल्याबिगर काय सुदीक अंगाला लावत न्हाय, लई मोठ्या मनाची हाय. तुला बरं वाटावं म्हणून लावली. तू उठून गेलीस तर मला वाटलं, माझं कायतरी चुकलं."

म्हणजे कृष्णात लहानपणापासून बघत होता आणि त्याला ते माझं प्रेम वाटत होतं. आत्याबाईंचा धाक त्याच्या डोळ्यांना कधी दिसलाच नाही. एवढी वर्षं माझं अंग जळत होतं आणि या घरात माझा मोठ्या मनाची म्हणून लौकिक चालला होता. मी मोनाला काही सांगितलं नाही. हे मृत्युपत्र उघडलं की तिला कळेल, तेव्हा तिने बापाला फार बोलू नये.

नजीराने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, खोबरेल तेलात हळद कालवून तारेला लावली. "रोज दोन वक्ताला लाव. मांडवात उभी ऱ्हास्तवर सूज उतरंल," ती म्हणाली. "भोक काय आता बुजायचं न्हाय, पोरी. जलमभर ऱ्हातंय."

कलम ९. सबब, कलम ७ रद्द. नथ मोनाची. पूर्णिमाला कळवावं की तिने वाईट वाटून घेऊ नये. साज, तन्मणी, बुगड्या अनुसयेच्या आहेत आणि लग्नात मोना ते घालेल. घालायला गळा लागतो, कान लागतात, ते सगळ्यांनाच असतात. नथही अनुसयेला आधी लागली, तेही आता बदलत नाही. पण माझ्या वस्तूसाठी पोरीने स्वतःचं नाक टोचून घेतलं आहे. नथ काढून ठेवली तरी ते भोक राहणार आहे, आणि ते आधी कुणाच्याही टाकाला लावता आलेलं नाही. मोनाच्या नाकाच्या डाव्या पाकळीवरचं हे भोक माझं आहे. त्यावर अनुसया अथवा तिच्या वतीने इतर कुणाचाही हक्क, हिस्सा वा दावा चालणार नाही.

ठिकाण : कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार :
छबूताई आकाराम इंगवले (सही)

वरील सही आमच्या समक्ष झाली. सही करताना बाईंचा हात स्थिर होता.

साक्षीदार :
१. केरबा दत्तू माळवदे, शेजारी, कसबा बावडा (सही)
२. नजीरा शमशुद्दीन मणेर, बांगडी दुकान, कसबा बावडा (सही)

लेखक : ॲड. सम्राट इंगवले (सही)