मामाचा निळा शर्ट

३ जून
ठकी पडली, गुडघा फुटला. मी दोन्ही हात पसरून शेजारीच उभा. ती मला वळसा घालून मामाकडे गेली. मामा म्हणजे माझा मेहुणा. नोकरी सुटल्यापासून आमच्याकडेच असतो. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "रडून घे. मी इथेच आहे." दोन हुंदके, की पोरगी खेळायला पसार. मला मत्सर वाटला नाही. फक्त जेवण गेलं नाही.

४ जून
बालमानसशास्त्राचं पुस्तक आणलं. लहानपणी एका माणसाचा भक्कम आधार मिळाला, की मूल पुढे स्वतःला स्वतः सावरतं. तो माणूस कोण असावा, हे लेखकाने मोघम ठेवलंय. माझ्या मते बाप. संकल्प: महिनाभरात तो माणूस मी.

७ जून
ठोकळ्यांचा मनोरा पडला, ठकीने भोकाड पसरलं. पुस्तकाप्रमाणे म्हणालो, "तुला राग आलाय, हे मला समजतंय." ती आणखी जोरात. मग मीही. बायको म्हणाली, "राग कुणाला आलाय, ते शेजाऱ्यांनाही समजलं." मेहुणा हसला नाही. तेच जास्त लागलं.

११ जून
ठकी मामाच्या निळ्या शर्टात नाक खुपसून झोपते. म्हणजे श्रेय वासाचं, माणसाचं नव्हे. असा विचार करणं न्याय्य आहे का? प्रयोगाशिवाय कसं कळणार! धुण्याच्या बादलीतून शर्ट काढून घातला. पोटावर बटणं लागेनात. ठकीने हुंगलं. "मामाचा आहे. दे." दिला. दारात मेहुणा. "भाऊजी, हवा तर धुऊन देतो की!"

१५ जून
मेहुण्याला परगावी नोकरी लागली. मनापासून आनंद झाला. इतका कशाला, म्हणून मनाची चौकशी केली. उत्तर समाधानकारक नाही. तरी त्याची बॅग मीच भरली.

२० जून
गेला. उद्या बालवाडीचा पहिला दिवस. ठकी रडणार, मलाच बिलगणार. रजा टाकली. दोन रुमाल घेतले.

२१ जून
फाटकाशी सगळी पोरं रडत होती. ठकी "टाटा" म्हणाली आणि आत गेली. बाई म्हणाल्या, "घरी भक्कम आधार दिसतोय हिला." कौतुकाचा खरा मालक परगावी. मला तिथेच भरून आलं. दोन्ही रुमाल मलाच लागले. बाईंनी आत नेऊन एका चिमुकल्या खुर्चीवर बसवलं. ठकी आली, समोर जमिनीवर मांडी घालून बसली.
"रडून घे, बाबा. मी इथेच आहे."
दोन हुंदके. थांबलो.
संध्याकाळी मेहुण्याला फोन केला. म्हटलं, रविवारी ये. ठकीला गरज आहे.