खरवडलेली भिंत

प्रिय ताई,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, त्याचा मला राग नाही. हे पत्र आधी कच्चं लिहिलं, मग ही स्वच्छ प्रत केली. त्यात चार दिवस गेले. आई तशीच आहे. उजवी बाजू हलत नाही, वाचा परतलेली नाही. सकाळी तिला भरवून मी रंगाच्या कामावर जातो आणि दुपारी तिची कूस बदलायला घरी येतो.

महिला मंडळाचा हॉल पाडायचं ठरलं, हे तुझ्या कानावर आलं असेल. रस्ता तिथूनच जाणार आहे. पण ते कशामुळे ठरलं, ते मीच सांगायला हवं.

हॉलची मागची भिंत तुला आठवत असेलच. ज्या बायकांनी विटा वाहून तो बांधला, त्यांतल्या कुणालाच लिहिता येत नव्हतं. म्हणून प्रत्येकीने त्या भिंतीवर कोळशाने आपापली खूण काढली. मुलगी झाली की आईचीच खूण शेजारी काढून तिच्या पोटात एक ठिपका द्यायचा, ती मुलीची. मुलग्यांना खूण नव्हती. लहानपणी मी विचारलं, तेव्हा शिंपीणकाकू म्हणाली होती, "तुला अख्खं गाव पडलंय की रे. ही एक भिंत तरी आम्हाला राहू दे." सगळ्या हसल्या होत्या, आईसुद्धा.

जुन्या वास्तूंच्या यादीत नाव लागलं असतं, तर हॉल वाचला असता. त्यासाठी पाहणीला साहेब यायचे होते, म्हणून काकूने मला दारंखिडक्या रंगवायला सांगितल्या. त्या लवकर उरकल्या. रंग उरला होता आणि समोर ती मळकी भिंत होती. पाहुणा यायचा तर घर कसं लख्ख हवं, असं मनात आलं. दुसरा रंगारी असता, तर त्याने वरून चुना फासला असता, आणि तो धुऊन तरी निघाला असता. मी काम कच्चं करत नाही, तेच नडलं. पत्र्याने भिंत खरवडली, घासकागद मारला, खाचाखड्ड्यांत लांबी भरून भिंत सपाट केली आणि मग रंगाचे दोन हात दिले.

"भिंतीवरच्या खुणा हाच आमचा पुरावा" असं अर्जात लिहिलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला. म्हणाले, "काम सुरेख झालंय, पण इथे जुनं काय आहे?" काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "होतं, कालपर्यंत." घरी आल्यावर आईने मला हात धुवायला पाणी दिलं आणि माझ्या नखांतली काजळी बघत उभी राहिली. नवव्या दिवशी ती पडली.

नजरचुकीने झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला तसं सांगवत नाही. तुझा ठिपका समोर आला, तेव्हा माझा हात थांबला होता. मग तो पुढे चालला.

आता आई डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर सारखं काहीतरी काढत असते. डॉक्टर म्हणतात, हाताला नुसता चाळा लागलाय. मला तसं वाटत नाही. एक आडवी रेघ, तिच्यावर कमान, मग थांबते आणि शेवटी कमानीच्या आत बोट एकदाच टेकवते. मग पुन्हा पहिल्यापासून. मला त्या भिंतीवरचा तुझा ठिपका आणि त्याची जागा तेवढी आठवते, त्याच्याभोवती काय होतं ते आठवत नाही. काकूला विचारायला मला तोंड नाही. तुझी खूण अशीच होती का, ताई? तशी असेल, तर आई स्वतःची खूण काढत नाहीये, तुझी काढतेय. मग उत्तर लिहीत बसू नकोस. निघून ये.

तुझाच,
धाकटा