बारावरची गोगलगाय

२० नोव्हेंबर, सोमवार

लाडक्या टिचकीस,
मामाचे खूप आशीर्वाद आणि एक पापी.

मी बरा आहे. गुडघा जसा होता तसाच आहे, म्हणजे तोही बरा आहे असं समज. दुकान वेळेवर उघडतो आणि वेळेआधी बंद करतो. घड्याळं दुरुस्त करून घेणारी माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत, पण जी येतात ती बसून गप्पा मारतात, त्यामुळे दिवस जातो. परवा एक बाई सासऱ्यांचं टेबलावरचं घड्याळ घेऊन आल्या. ते बंद नव्हतं, त्यांना ते फक्त गप्प करून हवं होतं! टिकटिक ऐकून झोप लागत नाही म्हणे. चाळीस वर्षं घड्याळं चालू केली, बंद करायचं काम पहिल्यांदाच आलं.

काल फोनवर बोललो आणि आज लगेच पत्र, म्हणून तू चक्रावली असशील. फोनवर तुझा चेहरा समोर असतो गं. त्या चेहऱ्यासमोर मला हे जमलं नसतं.

आधी चांगली बातमी. माशांची टाकी उत्तम आहे, पाणी स्वच्छ आहे, गोगलगायी आहेत. हे तीनदा वाच आणि मगच पुढे जा.

तू काल म्हणालीस, नवीन घर मोठं आहे, खिडकीजवळ जागा आहे, पुढच्या महिन्यात येऊन टाकी घेऊन जाते. मी म्हणालो, "वा वा, छान." ते "वा वा" काही खरं नव्हतं. तुला ते कळलंच असणार, लहानपणापासून माझी थाप तू तोंड उघडायच्या आधी ओळखतेस. पण एक थाप तू ओळखली नाहीस, आणि तीच सांगायला बसलोय.

ऑगस्टमध्ये माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते, आठवतंय? मी माशांच्या दुकानात गेलो होतो (खायच्या नव्हे, बघायच्या), आणि औषध आणून बरं केलं म्हणून तू माझं केवढं कौतुक केलंस. मासे बरे झाले हे खरं. पण त्या औषधात तांबं होतं. बाटलीवर लिहिलेलं होतं, गोगलगायी असलेल्या टाकीत वापरू नये. बारीक अक्षरात होतं, पण होतं. टिचके, जन्मभर डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवले मी, आणि ती एक ओळ वाचायचा आळस केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वाळूवर आल्या होत्या. एरवी दिवसा वाळूत दडून बसणाऱ्या, आणि त्या दिवशी उघड्यावर पडलेल्या. लागोपाठ तीन दिवस पाणी बदललं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्यांना वास यायला लागला त्या टाकून दिल्या. ज्यांना वास नव्हता असे चार शंख ठेवून घेतले. का, विचारू नकोस. आठवण म्हणून, असं समज.

जाताना तू दारात काय म्हणाली होतीस? "मामा, मासे मेले तर दुसरे आणता येतील. आईच्या गोगलगायी सांभाळ." ताईनं शाळेच्या प्रयोगशाळेतून बाटलीतून त्या आणल्या तेव्हा तू काचेवर टिचक्या मारण्याच्या वयाची होतीस, नावच पडलं त्यावरून. ताई म्हणायची, या खालून वाळू उकरत राहतात म्हणून टाकीला घाण वास येत नाही, न सांगता काम करणारी माणसं घरात असावीत. ताई गेली. मग मागे राहिलं ते एवढंच, आणि तेही मी माझ्या हातानं मारलं.

रविवारी अकराला तुझा फोन येणार होता. "मामा, फोन काचेला लाव" म्हणणार होतीस. मग डोकं चाललं, आणि माझं डोकं चाललं की काय होतं ते तुला ठाऊक आहेच.

मी चिमटा घेतला आणि ते चार शंख टाकीत मधल्या गोल दगडाभोवती मांडले. हाताची सवय मेली जात नाही, बारा, तीन, सहा आणि नऊवर मांडले गेले. तू बघितलंस, हसलीस, म्हणालीस, "आज चक्क चार बाहेर!" फोन ठेवला आणि मी ते पुन्हा बाहेर काढून स्क्रूच्या डबीत ओल्या कापसावर ठेवून दिले. कोरडे पडले तर पांढरे दिसतील आणि सोंग उघडं पडेल म्हणून कापूस ओला. आणि बाहेर का काढायचे, तर आठवडाभर रिकामे शंख डोळ्यांसमोर नको होते मला. बघवत नव्हतं.

पुढच्या रविवारी एकेक तास पुढे सरकवले. एक, चार, सात, दहा. तू म्हणालीस, "मामा, या किती शिस्तीत फिरतात!" हस आता. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. फोन ठेवून मी तसाच खुर्चीत बसून राहिलो, चहा गार झाला तरी.

असे पाच रविवार. पाचव्या वेळी हिशेब विसरलो आणि पुन्हा बारापासून मांडले. त्या दिवशी अंगात ताप होता. तू म्हणालीस, "आवाज बसलाय, झोप जा," आणि मी खरंच जाऊन झोपलो. शंख टाकीतच राहिले.

सोमवारी उठलो, तोंड धुतलं, आणि टाकीसमोर उभा राहिलो तर तीनवरचा तीनवर, सहावरचा सहावर, नऊवरचा नऊवर. बारावर काही नाही! आधी वाटलं माशानं ढकलला. मग वाळूत रेघ दिसली. बारापासून निघालेली, दगडाला वळसा घालून गेलेली, आणि साडेचारापाशी तिचा तो टोकदार शंख. मी भिंग लावलं. शंखाच्या तोंडाचं झाकण उघडं होतं आणि दोन इवल्याशा मिशा हलत होत्या.

टिचके, मी मोठ्यानं ओरडलो. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ "काय झालं, काय झालं" करत खाली आले. मी म्हणालो, चालतेय! ते म्हणाले, कुठलं घड्याळ? रडत होतो मी, लाजायचं काय त्यात.

तसाच माशांच्या दुकानात गेलो. तिथले काका म्हणाले, विष पाण्यात आलं की या दार लावून आत बसतात, दमट जागी कितीतरी दिवस तशाच राहू शकतात. म्हणजे बघ, ती बिचारी जीव मुठीत धरून आत बसलेली, आणि मी दर रविवारी तिला चिमट्यात धरून नाटकात उभी करत होतो! तिनं मला माफ केलं का कळायला मार्ग नाही.

मी काकांना म्हटलं, आणखी द्या, हिला जोडीदार हवा. ते हसायलाच लागले. "अहो, लोक या कमी कशा करायच्या ते विचारायला येतात, आणि तुम्ही विकत मागताय? हिला जोडीदार लागत नाही. एकटी असली तरी घर भरते." मी म्हटलं, अशी एक माझ्या माहितीतली होती, आमच्या घरातलीच.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. पण ती एकटीच होती, आणि माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. दोन महिने फोनवर तुला ती एकच दाखवत राहिलो आणि "बाकीच्या वाळूत आहेत" म्हणत राहिलो. तेवढी थाप अजून चालूच होती, तीही आज संपवतो. त्या नाहीत. ताईनं आणलेल्यांपैकी ती एकच उरली.

आता शेवटचं, जे मला खरं तर सर्वात आधी लिहायला हवं होतं. मी गोगलगायींसाठी एवढा घाबरलो नव्हतो. मला वाटायचं, तुझा रविवारचा फोन काचेसाठी असतो. काचेमागे काही उरलं नाही, तर म्हाताऱ्याचा गुडघा बघायला कोण फोन करणार? म्हणून चिमटा चालवत राहिलो. वेडा आहे मी. तापाच्या दिवशी तू टाकीकडे बघितलंसुद्धा नव्हतंस, माझ्या आवाजाकडेच लक्ष होतं तुझं. हे मला फार उशिरा उमगलं.

काल तुझा फोन झाल्यावर मी टाकीवर जाड काळी चादर टाकली, तासभर थांबलो आणि हळूच उचलली. अंधार झाला असं समजून सगळी मंडळी बाहेर आली होती. काचेवर तिळाएवढी पिल्लं, वर, खाली, कोपऱ्यात. त्या तिळालाही आईसारखंच टोक. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेव्हाच ठरवलं, की आता तुला सगळं सांगायचं.

तेव्हा तू ये आणि टाकी घेऊन जा. रागवायचं असेल तर येऊन, समोर बसून रागाव, मी ऐकून घेईन. फक्त थोडी वाळू आणि मूठभर पिल्लं माझ्यासाठी ठेव. दुकानातली जुनी काचेची पेटी मी घासूनपुसून ठेवलीय. बारावरची मात्र तूच ने, तिला खिडकी दाखव.

रविवारी अकराला फोन कर. टाकीत जे असेल ते दिसेल, नसेल ते नाही. चिमटा ड्रॉवरमध्ये ठेवलाय, आणि ड्रॉवरची किल्ली या पाकिटात घालून तुझ्याकडे पाठवतोय.

तुझा,
आता खरं बोलणारा
मामा